नकाशावरील रिकामी जागा
युरोपातील वाळूमाशी-सर्वेक्षणांची एक चिकित्सा

शाळेच्या भिंतीवर टांगलेला नकाशा हे विद्यार्थ्यांच्या सर्वाधिक विश्वासाचे शैक्षणिक साधन. नकाशात जिथे नदी दाखवली आहे तिथे ती असते, जिथे दाखवलेली नाही तिथे ती नसते, असे आपण न बोलताच मान्य करतो. नदीच्या बाबतीत ते बहुतांशी खरेही आहे. परंतु प्राण्यांच्या, विशेषतः बारीक कीटकांच्या, प्रसाराचे नकाशे पाहतानाही आपण हाच नियम लावतो, आणि तेथे फसतो. हे कसे घडते ते दाखवण्यासाठी आम्ही एक प्रत्यक्षातील उदाहरण निवडले आहे. ते म्हणजे समशीतोष्ण युरोपातील वाळूमाश्यांचे नकाशे आणि त्यांच्यामागची सर्वेक्षणे.

युरोपीय रोग प्रतिबंध व नियंत्रण केंद्र आणि युरोपीय अन्नसुरक्षा प्राधिकरण या दोन संस्थांनी मिळून २०१४ मध्ये 'व्हेक्टरनेट' हे जाळे उभारले. डास, गोचिडी, चावरी चिलटे आणि वाळूमाश्या या रोगवाहक जीवांच्या नोंदी देशोदेशींच्या अभ्यासकांकडून गोळा करून प्रत्येक जातीचा नकाशा प्रसिद्ध करणे, हे त्याचे काम. हे नकाशे कोणालाही पाहता येतात. डॉक्टर, पशुवैद्य, आरोग्य अधिकारी आणि पत्रकार सारेच त्यांचा आधार घेतात. म्हणूनच त्यांची चिकित्सा करणे आवश्यक आहे.

वाळूमाशी कशी असते?

प्रथम माशीची ओळख करून घेऊ. वाळूमाशी ही डासापेक्षा बरीच लहान, दीड ते साडेतीन मिलिमीटर लांबीची, अंगभर केस असलेली, फिकट पिवळसर-करड्या रंगाची द्विपंखी माशी आहे. बसलेली असताना ती आपले टोकदार पंख इंग्रजी 'व्ही' अक्षरासारखे वर उचलून धरते. न्हाणीघरातल्या मोरीपाशी दिसणारी केसाळ, काळसर माशी तिच्याच कुळातली आहे. पण ती पंख पाठीवर छपरासारखे मिटते आणि रक्तही पीत नाही. वाळूमाशीच्या माद्या मात्र रक्त पितात. उडताना तिचा आवाज येत नाही, आणि लांब उडण्याऐवजी ती टुणटुण उड्या मारल्यासारखी सरकते. तिच्या अळ्या डासांप्रमाणे पाण्यात नव्हे, तर पालापाचोळा, शेण किंवा विष्ठा मिसळलेल्या ओलसर मातीत वाढतात. पाण्याचे डबके दाखवून 'येथे अळ्या आहेत' असे म्हणण्याची सोय येथे नाही. मातीतून या अळ्या वेचून काढणे इतके जिकिरीचे असते, की बहुतेक सर्वेक्षणे प्रौढ माश्यांवरच अवलंबून असतात.

या माश्या लीश्मानिया या एकपेशीय परजीवीचा प्रसार करतात. बिहारमधील काळा आजार आपल्याला ऐकून ठाऊक असतो. भूमध्य समुद्राच्या परिसरात त्याचाच जवळचा नातेवाईक असलेला 'लीश्मानिया इन्फँटम' हा परजीवी आढळतो, आणि कुत्रा हा त्याचा मुख्य आश्रयदाता आहे. त्याशिवाय इटली, फ्रान्स, स्पेन या देशांत उन्हाळ्यात मेंदूज्वर घडवून आणणारा टोस्काना विषाणूही वाळूमाश्याच पसरवतात. हे धोके केवळ पुस्तकातले नाहीत. स्पेनमध्ये माद्रिदजवळच्या फुएनलाब्राडा व आसपासच्या गावांत २००९ ते २०१२ या काळात ४४६ जणांना लीश्मानियाची बाधा झाल्याची नोंद आहे. तेथे परजीवीचा साठा कुत्र्यांत नव्हे, तर मुख्यतः नव्याने तयार केलेल्या उद्यानातील सशांत सापडला. जागरूक आरोग्यव्यवस्था असलेल्या देशातही अशी अनपेक्षित साथ येऊ शकते, हे त्यातून दिसले.

नकाशाचे गुण आणि दोष

व्हेक्टरनेटच्या नकाशांचा पहिला गुण निःसंकोच मान्य केला पाहिजे. त्यांच्या सूचीत 'आहे' आणि 'नाही' असे दोनच रंग नाहीत. 'आढळली', 'बाहेरून आलेली', 'पाहणी करूनही आढळली नाही', 'नसावी असा तज्ज्ञांचा अंदाज', 'माहिती उपलब्ध नाही' अशा वेगवेगळ्या वर्गवाऱ्या आहेत. 'पाहिली पण दिसली नाही' आणि 'कोणी पाहिलेच नाही' यांत फरक करणारा नकाशा हा प्रामाणिक नकाशा होय. आपल्या बहुतेक पाठ्यपुस्तकांतील नकाशे एवढेही करत नाहीत.

दोष यानंतर सुरू होतो. 'पाहणी करूनही आढळली नाही' या एकाच रंगाखाली एका रात्रीची पाहणी आणि पाच उन्हाळ्यांची पाहणी शेजारी शेजारी बसतात. किती सापळे, किती रात्री, कोणत्या महिन्यात, कोणत्या जागी, यांतले काहीही त्या प्रसार-नकाशावर दिसत नाही. दुसरे असे, की एखाद्या प्रशासकीय विभागातल्या एका गावात माशी सापडली तरी तो संपूर्ण विभाग रंगवला जातो. स्पेनचा बादाहोस हा प्रांत सुमारे २१,७०० चौरस किलोमीटरचा, म्हणजे आपल्या अहिल्यानगर जिल्ह्याहूनही मोठा. याउलट जर्मनीतले जिल्हे सरासरीने हजार चौरस किलोमीटरही भरत नाहीत. दोन्हीकडे एकेका गावात माशी मिळाली, तर नकाशावर स्पेनमध्ये मोठा डाग आणि जर्मनीत ठिपका दिसेल. हा फरक माशीने केलेला नाही. तो सरकारी सीमांनी केला आहे.

सापळ्याची पोहोच

माशी पकडण्याच्या रीतींकडे वळू. सर्वांत प्रचलित साधन म्हणजे सुडिया आणि चेंबरलेन यांनी १९६२ मध्ये वर्णन केलेला छोटा प्रकाशसापळा. त्यात एक लहान दिवा, त्याखाली बॅटरीवर चालणारा पंखा आणि खाली जाळीची पिशवी असते. दिव्याकडे आलेली माशी पंख्याच्या झोतात सापडून पिशवीत जाते. १९८० च्या दशकात दक्षिण फ्रान्समधील सेव्हेन डोंगरभागात किलिक-केंड्रिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हा दिवा 'फ्लेबोटोमस अरियासी' या जातीच्या माश्यांना किती अंतरावरून खेचतो हे तपासले. उत्तर आले, सुमारे दोन मीटर!

दोन मीटर त्रिज्येच्या वर्तुळाचे क्षेत्रफळ साडेबारा चौरस मीटर. ते एका वर्गखोलीच्या चौथ्या हिश्श्याएवढे आहे. म्हणजे रात्रभर टांगलेला सापळा गोठ्याच्या त्या कोपऱ्यापुरते उत्तर देतो. शेजारच्या खुराड्याबद्दल तो काहीच बोलत नाही, मग तालुक्याबद्दल कोठून बोलणार?

दुसरी रीत आपल्याला ओळखीची वाटेल. कागदाला एरंडेल तेल चोपडून तो भिंतीच्या भेगांत, दगडी बांधांच्या फटींत, गोठ्यात लावून ठेवायचा. ये-जा करणारी माशी त्याला चिकटते. हा कागद कोणाला बोलावत नाही, म्हणून आमिषाचा पक्षपात त्यात कमी. पण ज्या वाटेने माशी जात नाही तेथे लावलेला कागद कोराच राहणार. तिसरी रीत म्हणजे काचनळीने भिंतीवरच्या माश्या एकेक करून ओढून घेणे. तीत पाहणाऱ्याची चिकाटी आणि नजर याच गोष्टी निकाल ठरवतात.

प्रत्येक साधन काही जातींना झुकते माप देते. १९८१ मध्ये दक्षिण फ्रान्समधील वाळूमाश्यांवर रेडी दांपत्याने प्रसिद्ध केलेल्या निबंधाचा विषयच मुळी नमुना घेण्यातील पक्षपात हा होता. काही जाती माणसाला आवडीने चावतात, काही चावत नाहीत. काहींच्या माद्या तर रक्त न पिताही अंडी घालू शकतात. माणसाच्या अंगावर बसलेल्या माश्या मोजून तयार केलेल्या यादीत या दुसऱ्या प्रकारच्या जाती 'दुर्मीळ' ठरतात. त्या खरोखर दुर्मीळ असतीलच असे नाही. त्या आपल्या परीक्षेला बसलेल्याच नसतात.

मध्य युरोपात अडचण आणखी वाढते. तेथे माशी उडते ती उन्हाळ्याच्या मोजक्या आठवड्यांत, उबदार आणि वारा नसलेल्या रात्री, आणि तीही थोड्या संख्येने. सापळा मे महिन्यात लावला किंवा त्या रात्री वारा सुटला, तर निकाल शून्य.

वर्गात करून पाहण्याजोगा हिशोब

या शून्याचे वजन किती, हे गणिताने दाखवता येते. समजा, एखाद्या गावात माशी आहे, पण इतकी विरळ की एका सापळ्यात एका रात्री ती सापडण्याची शक्यता शंभरात पाच. (हा आकडा केवळ उदाहरणासाठी आम्ही घेतलेला आहे.) मग ती एका रात्री न सापडण्याची शक्यता ०.९५. प्रत्येक रात्र स्वतंत्र मानली, तर दहा रात्री सलग न सापडण्याची शक्यता ०.९५ चा दहावा घात, म्हणजे सुमारे ०.६०. माशी असूनही दहापैकी सहा सर्वेक्षणे 'आढळली नाही' असे सांगतील! ही चूक पाच टक्क्यांच्या आत आणायची तर ५९ रात्री सापळा लावावा लागेल. शक्यता शंभरात वीस असेल, तर मात्र १४ रात्री पुरतात.

शिक्षकांना हे मण्यांनी करून दाखवता येईल. एका पिशवीत १९ पांढरे मणी आणि १ काळा मणी ठेवावा. चाळीस विद्यार्थ्यांपैकी प्रत्येकाने न पाहता एक मणी काढावा, रंग लिहावा, मणी परत टाकावा. असे दहा वेळा करावे. चाळीसपैकी साधारण चोवीस जणांना एकदाही काळा मणी मिळणार नाही. त्यांना विचारावे: 'पिशवीत काळा मणी नाही, असे तुम्ही लिहून द्याल का?' यानंतर होणारी चर्चा एका पाठापेक्षा अधिक शिकवून जाईल, अशी आमची खात्री आहे.

पकडली, पण कोणती?

सापळ्यात माशी आली म्हणजे काम संपले असे नाही. वाळूमाश्यांच्या जाती डोळ्यांनी, किंवा साध्या भिंगानेही, ओळखता येत नाहीत. माशी अल्कोहोलमध्ये ठेवून, रसायनाने पारदर्शक करून, डोके आणि पोटाचे टोक वेगळे करून काचपट्टीवर बसवावे लागते. नराची जात त्याच्या पोटाच्या टोकाशी असलेल्या जननांगांच्या आकारावरून बरीचशी सोपी ठरते. मादीसाठी मात्र घशातील दातेरी रचना आणि नराचे शुक्रजंतू साठवणाऱ्या सूक्ष्म पिशव्या सूक्ष्मदर्शकाखाली शोधाव्या लागतात. भूमध्य प्रदेशातील महत्त्वाच्या रोगवाहक जाती ज्या उपप्रजातीत येतात, तेथे तर माद्यांचा निर्णय या पिशव्यांच्या नलिकांच्या बारीक फरकांवर होतो. या नलिकांवरून माद्या कशा ओळखाव्यात याचा स्वतंत्र निबंध १९९१ मध्ये लिहावा लागला. आणि रोग पसरवते ती मादीच, हे लक्षात घेतले म्हणजे या खटाटोपाचे मोल कळते.

आता डीएनएच्या क्रमावरून जात ओळखता येते, मग हे जुने कसब कशाला, असा प्रश्न विद्यार्थी विचारतील. उत्तर असे, की डीएनएचा क्रम हा हजेरीपटावरच्या क्रमांकासारखा असतो. त्या क्रमांकासमोर नाव कोणी लिहिले, यावर सारे अवलंबून असते. ज्या नमुन्यावरून संदर्भ-क्रम नोंदवला तोच चुकीचा ओळखला गेला असेल, तर पुढची प्रत्येक तुलना तीच चूक बिनदिक्कत पुढे नेईल. शिवाय युरोपच्या आणि त्याच्या उंबरठ्यावरच्या वाळूमाश्यांची यादी अजून पूर्णही झालेली नाही. २०१५ मध्ये तुर्कस्तानातून दोन, आणि २०२१ मध्ये रुमानियातून एक नवी जात वर्णिली गेली. या शेवटच्या जातीला टेनिसपटू सिमोना हालेप हिचे नाव दिले आहे. अशा वेळी काचपट्टी वाचणारा माणूस आणि डीएनए वाचणारे यंत्र ही दोन्ही हवीत. यंत्रे पैशाने मिळतात. माणूस घडवायला वर्षे लागतात, आणि अशा अभ्यासकांची पदे जगभर कमी होत आहेत. सर्वेक्षणांच्या अहवालांत ओळख कोणी आणि कशी केली, हे ठळकपणे लिहिले जात नाही, ही आमची दुसरी मोठी तक्रार आहे.

माशी आली, की दिसली?

वृत्तपत्रांत एक कथानक रूढ झाले आहे: पृथ्वी तापत आहे, म्हणून उष्ण प्रदेशातल्या माश्या उत्तरेकडे निघाल्या आहेत. पुरावा म्हणून पहिल्या नोंदींची मालिका दिली जाते. 'फ्लेबोटोमस मॅस्किटी' ही जात जर्मनीत १९९९ मध्ये सापडली. बेल्जियममधील नोंद २००५ मध्ये, ऑस्ट्रियातील २०११ मध्ये आणि स्लोव्हाकियातील २०१६ मध्ये प्रसिद्ध झाली. तारखा ओळीने मांडल्या, की माशी पावले टाकत चालली आहे असे वाटते.

परंतु या तारखा माशीच्या आगमनाच्या नाहीत. त्या माणसाने शोध घेतल्याच्या आहेत. जेथे पूर्वी कोणी सापळा लावलाच नव्हता, तेथील पहिली नोंद 'नवी आली' असे सिद्ध करू शकत नाही. या जातीचे वर्णन मलेरियाच्या संशोधनामुळे प्रसिद्ध असलेल्या ग्रासी यांनी १९०८ मध्येच केले होते. ती कमी संख्येने राहते आणि जुन्या गोठ्यांत सापडते. २००८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात तर कॉर्सिका बेटावर ती हिवाळ्यातही वावरताना दिसली. अशी माशी शतकभर नजरेआड राहिली असेल, तर त्यात नवल काय? दुसरी जात 'फ्लेबोटोमस पर्निसिओसस', जी लीश्मानियाची सिद्ध वाहक आहे, तिचा एक नर इंग्लिश खाडीतील जर्सी बेटावर मिळाल्याची टिपण १९२३ ची आहे. त्या काळी हवामानबदलाची चर्चाही नव्हती.

याचा अर्थ हवामान बदलत नाही किंवा माश्या सरकत नाहीत, असा मुळीच नव्हे. इटलीमध्ये मारोली आणि सहकाऱ्यांनी २००८ मध्ये प्रसिद्ध केलेला अभ्यास या बाबतीत आदर्श म्हणता येईल. त्यांनी उत्तर इटलीतील जुन्या नोंदी आणि नव्या पाहण्या, कुत्र्यांतील रोग आणि माश्या, अशी दोन्ही टोके जुळवून रोग उत्तरेकडे सरकल्याचा निष्कर्ष काढला. तेथे 'पूर्वी' आणि 'आता' यांची तुलना करता येते. ज्या ठिकाणी 'पूर्वी' हा स्तंभच कोरा आहे, तेथे हाच निष्कर्ष काढणे म्हणजे पहिल्या परीक्षेचे गुण नसताना विद्यार्थ्याची प्रगती झाली असे प्रगतिपुस्तकात लिहिण्यासारखे आहे. हवामानबदलासारख्या गंभीर विषयाची बाजू कच्च्या पुराव्याने मांडली, तर ती बळकट होण्याऐवजी दुबळीच होते.

सापडणे आणि वाहक ठरणे

आणखी एक घाई टाळली पाहिजे. माशी सापडली म्हणजे रोगवाहक सापडला, असे नाही. २०१६ मध्ये ऑस्ट्रियातील मॅस्किटी माशीत लीश्मानियाचे डीएनए मिळाल्याचे प्रसिद्ध झाले. ही बातमी महत्त्वाची आहे. पण बाधित रक्त प्यालेल्या कोणत्याही माशीच्या पोटात असे डीएनए मिळू शकते. वाहक म्हणण्यासाठी ती माणसाला किंवा आश्रयदात्या प्राण्याला चावते, रक्त पचल्यानंतरही परजीवी तिच्यात जगतो आणि वाढतो, रुग्णात तोच परजीवी आहे, आणि तिच्या दंशाने तो पुढे जातो, अशी साखळी दाखवावी लागते. मॅस्किटीच्या बाबतीत ती पूर्ण झालेली नाही.

उलट, रोग आहे म्हणून माशी असलीच पाहिजे, हेही खरे नाही. अमेरिकेत १९९९ मध्ये न्यूयॉर्क राज्यातील शिकारी कुत्र्यांच्या एका कळपात लीश्मानियाची साथ आढळली, आणि पुढे अनेक राज्यांतील अशा कुत्र्यांत तो परजीवी मिळाला. तेथे रोग मुख्यतः मातेकडून पिलांकडे जात असल्याचे दिसून आले. जर्मनीसारख्या देशात दक्षिण युरोपातून दत्तक आणलेले बाधित कुत्रे येत असतात. परजीवी आधीच घरात आहे. वाहक शेजारी आहे की नाही, एवढाच प्रश्न उरतो. म्हणूनच 'आढळली नाही' हे दोन शब्द तेथे जबाबदारीने लिहिले पाहिजेत. त्यांवर विसंबून डॉक्टर किंवा पशुवैद्य एखादी तपासणी सांगायची टाळू शकतो.

आपल्यासाठी

हा प्रश्न आपल्यापासून दूरचा नाही. चांदीपुरा विषाणू १९६५ मध्ये नागपूरजवळच्या चांदीपुरा येथील रुग्णांच्या रक्तात प्रथम सापडला. औरंगाबाद (आताचे छत्रपती संभाजीनगर) येथील वाळूमाश्यांतून तो वेगळा केल्याचा निबंध १९७० मध्ये प्रसिद्ध झाला. २००३ मध्ये आंध्र प्रदेशात या रोगाने ३२९ आजारी मुलांपैकी १८३ मुले दगावली, आणि २०२४ मध्ये गुजरातेत तो पुन्हा उसळला. अशा साथीनंतर आपल्याकडेही वाळूमाश्यांचे नकाशे रंगवले जातात. तेव्हा युरोपच्या नकाशाला विचारलेले प्रश्न आपण आपल्या नकाशालाही विचारले पाहिजेत: किती रात्री पाहिले? कोणत्या ऋतूत, कोणत्या साधनाने? माशी कोणी ओळखली, आणि तिचा नमुना कोठे ठेवला आहे?

व्हेक्टरनेटच्या नकाशांनी या क्षेत्रात शिस्त आणली, हे आम्ही पुन्हा नमूद करतो. आमची मागणी एवढीच, की प्रत्येक 'आढळली नाही'च्या रंगाबरोबर सापळा-रात्रींची संख्या त्याच नकाशावर छापावी आणि प्रत्येक 'आढळली'बरोबर ओळखीची पद्धत द्यावी. तोपर्यंत शिक्षकांनी कोणताही प्रसार-नकाशा शिकवताना रंगांच्या आधी सूची वाचून घ्यावी, आणि सूचीत 'माहिती नाही' हा रंग नसेल तर तो का नाही, असे विद्यार्थ्यांना विचारावे.